पाचवा

चुन्याची रेघ मीच मारली.
फक्की कंपनीची, हात माझा.
गेट नंबर तीनपासून दोनशे मीटर,
वाळूजच्या उन्हात टेप धरून मोजत गेलो,
कबड्डीचं मैदान आखावं तसा.
रेघेच्या अलीकडं उभं राहायचं, पलीकडं नाही.
कोर्टाचं तसं म्हणणं आहे.

त्याच्यावर आयुक्तसाहेबांचा आदेश, कलम सदतीस एक आणि तीन.
पंधरा दिवस झाले की नवा निघतो,
मला तोंडपाठ:
पाच किंवा त्याहून अधिक इसमांनी जमू नये.
दगड, सोटे, भाले बाळगू नयेत.
घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत.
प्रेताचं अगर प्रतिमेचं प्रदर्शन करू नये.

माणसं चारच आली.
आदेश वाचून आली असणार.
नुसरत बाजी, पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या.
बेडूक किती कापले तो आकडा
कुणी न विचारता सांगतात.
दिगांबर लोमटे, पूर्वी आतच होता, पिंजरे धुवायला.
आणि कॉलेजची दोन पोरं, ऊन न झेपणारी.
तोंडाला पांढरी फडकी, म्हणजे घोषणेचा प्रश्न मिटला.

लोमट्याच्या मांडीवर टोपली.
टोपलीत ससा.
डाव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा,
उजव्या कानात गोंदलेलं, शेहेचाळीस.

गुट्टे साहेब जीपमधून उतरले. म्हणाले, मोजा.
चार, साहेब.
आन् ते?
ससा हाय, साहेब.
मोजा म्हणलं ना.

बत्तीस वर्षांत मोर्चे मोजले,
पुरात वाहून आलेली मढी मोजली,
चोरीच्या म्हशी शिंगांवरून मोजल्या.
असा अडकलो नव्हतो.
चार लिहावं तर गुन्हा बसत नाही,
आणि कंपनीचा फोन तर दोनदा येऊन गेलेला.
पाच लिहावं
तर ससा इसम होतो.
मग भिंतीच्या आत जे आहेत
त्यांची फिर्याद कोणत्या ठाण्यात घ्यायची?

प्रतिमेत घेता येईल का, साहेब?
जिता हाय की तो, साहेब म्हणाले,
आणि रुमालानं मान पुसत बसले.

मी कन्नडच्या डोंगराकडचा.
बारा वर्षांचा असताना घोणस डसली, पोटरीला.
भावानं सायकलवर बांधून दवाखान्यात नेलं,
आठ कुप्या चढवल्या.
ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात
आणि कुपी बाहेर पडायच्या आधी उंदरांवर तपासतात.
हे नुसरत बाजींनीच सांगितलं, मागच्या खेपेला,
टपरीवर चहा पिताना.
टोचून नाही बोलल्या. माझा वण बघितला, आणि सांगितलं.
किती उंदीर, मी विचारलं.
ते त्यांना माहीत नव्हतं.

शिफ्टचा भोंगा झाला.
बसमधल्या बायांनी खिडक्यांतून टोपलीकडं बघितलं,
एकीनं पोराला दाखवावं तसं बोट केलं,
पण पोर तर घरी होतं.
वारा सुटला, फक्की उडाली.
मी टोपी काढून टोपलीवर धरली.
साहेबांनी ते बघितलं. काही बोलले नाहीत.

रात्री गुन्हा दाखल झाला.
साहेबांनी स्वतः लिहून काढला:
नावानिशी चार,
आणि एक अनोळखी इसम, जागेवरून पसार.
झाले पाच.

पाचव्याचा तपास माझ्याकडं आला.
दर गुरुवारी लोमट्याच्या घरी जातो,
रांजणगावात, पत्र्याच्या दोन खोल्या.
डायरीत लिहितो, आरोपी मिळून आला नाही.
सायकलच्या कॅरियरला लसूणघासाची पेंढी असते,
दहा रुपयाला देतो गवळी.

त्याला डावीकडचं दिसत नाही,
दचकतो.
म्हणून उजवीकडं बसून चारतो, एकेक काडी.